दीड इंच

डेकोरातल्या त्या वादळात ऑर्व्हिल टोस्ट्रुडच्या अंगणातला
काळा अक्रोड आडवा झाला.
गॅरेजवर नाही पडला, हे नशीब.
त्यानं फळ्या काढून आणल्या, थप्पी लावली,
प्रत्येक थराखाली काड्या घातल्या हवेसाठी,
आणि मला म्हणाला, घे तुला, पण तीन वर्षं हात लावू नकोस.
तीन वर्षं! मी तेव्हा अठ्ठावन्नचा,
जन्मभर हॉस्पिटलात रक्ताच्या नळ्या हाताळलेल्या.
थांबणं माझ्या लेखी फार तर पंधरा मिनिटांचं.

मेपल विकत आणला. पांढरा, कडक, हट्टी,
रंधा जरा उलटा फिरला
की चिरफळ्या उपटून तोंडावर मारणारा.
अक्रोड समजूतदार. त्याचा भुसा
गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा,
मेपलचा, तांदळाच्या पिठीसारखा.
संध्याकाळी स्वयंपाकघरात आलो की
माझ्या बाह्यांकडे बघून तू विचारायचीस,
"आज चहा की पिठी?"

दोन हिवाळे गेले.
आयोवाच्या थंडीत सरस धरेना, म्हणून त्याची बाटली
तू विरजणाशेजारी ठेवलीस, एकाच शालीत गुंडाळून.
खूर अक्रोडाचे, उशाकडची फळी मेपलची,
दोन बाजूंना दोन छोटी मेजं, एक सहा खणांचं कपाट,
खणांच्या कोपऱ्यांत पारव्याच्या शेपटीसारखे सांधे,
गडद, फिकट, गडद,
बोटांत बोटं अडकवावीत तसे.
तिसऱ्या खणाला डावीकडे फट राहिली.
भुसा नि सरस कालवून बुजवली,
खण पूर्ण बाहेर ओढला तरच दिसते.
कुणाला बोललो नव्हतो. तुलाही नाही.
आता सांगतोय.

मार्चमध्ये पलंग खोलीत मांडला.
तू काठावर बसलीस. छान झालाय, म्हणालीस.
तुझे पाय लोंबकळत होते.

आठ दिवस तू काही बोलली नाहीस.
मग एका पहाटे जाग आली तेव्हा
अंधारात तुझी पावलं जमीन चाचपत होती,
थंड पाण्यात उतरावं तशी, आधी अंगठा,
मग थोडं सरकून पुन्हा अंगठा.

सगळं मोजलं होतं गं मी.
लाकडातली ओल, हवेतली ओल,
गुण्या लावलेला एकेक काटकोन,
कागद सरकेल एवढीच फट खणाच्या वर,
पावसाळी उन्हाळ्यात लाकूड फुगेल म्हणून.
उंची घेतली होती ती माझ्या गुडघ्याची.
चौतीस वर्षं एका अंथरुणावर झोपून
तुझ्या गुडघ्याला टेप लावायचं सुचलं नाही.

ऑर्व्हिलला सांगितलं. तो हसला नाही.
जुनी हातकरवत घेऊन आला,
पलंग उलटा केला, पेन्सिलनं रेघ मारली.
"मार्लिससाठीही कापला होता एकदा," म्हणाला,
आणि पुढं बोलला नाही.
मीही विचारलं नाही. तिला जाऊन तेव्हा
सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

चार खूर, दीड-दीड इंच.
दोन हिवाळे तेल पाजलेलं लाकूड
टकटक करत फरशीवर पडलं.
एक ठोकळा त्यानं खिशात घातला, न विचारता.
एक डुगडुगणाऱ्या वॉशिंग मशीनखाली गेला.
एक तुझ्या विरजणाच्या झाकणावर वजन म्हणून.
चौथा कुठं आहे ते मला माहीत आहे.

निघताना दारात थांबून म्हणाला,
हे दोन रंग असे राहणार नाहीत.
अक्रोड उजळत जातो, मेपल पिवळा पडतो,
जवळ जवळ येत जातात.
कधीपर्यंत? मी विचारलं.
त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं
आणि टोपी घातली.

खिडकी तुझ्या बाजूला आहे,
तेव्हा सुरुवात तुझ्याकडून होईल.

आज पहाटे तुझे दोन्ही तळवे
एकदम जमिनीवर टेकले.
चांगला दणकट आवाज झाला.
मी झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.